खिडकीकडची अर्धी जमीन

उश्तोबे, २७ ऑगस्ट २०१२

मार्लेन,

तुझी खुशाली माझ्या जान्नाकडून कळते, म्हणून विचारत नाही. फोन केला की तू 'कामावर आहे' म्हणून ठेवून देतोस. पत्रही ठेवून देता येतं, पण त्याआधी ते उघडावं लागतं. म्हणून पत्र.

काम असं आहे. आईच्या खोलीतली कुदुरी, चुलीच्या धुरावर तापणारी ती जमीन, बिघडली. वसंतात कराताल नदीचं पाणी चढलं, गल्लीतली सगळी तळघरं भरली आणि आपल्या जमिनीखालीही ओल गेली. जूनमध्ये थंडीची झुळूक आली म्हणून चूल पेटवली, तर धूर जमिनीखालून जाऊन धुराड्यातून बाहेर पडायचा सोडून जमिनीच्या भेगांतून खोलीत आला. आई खोकत बाहेर आली आणि म्हणाली, "धूर वाट चुकलाय. एम्मा, त्याला बाहेर काढ."

ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तालदीकोर्गानचा डॉक्टर म्हणतो, जमिनीवर झोपणं बंद करा, पलंग घ्या. जान्ना म्हणते, हिवाळ्यापुरती आजीला अल्माटीला आण, सातव्या मजल्यावर चोवीस तास गरम असतं. आईने दोघांना एकच उत्तर दिलं: "मी काय फळीवर ठेवायची बरणी आहे?"

ऑक्टोबर सरता सरता इथे पाणी गोठतं हे तू विसरला नसशील. तोवर खोली तापली नाही, तर मी तिला अल्माटीला नेणार. ओढून न्यावं लागलं तरी नेणार. तिथे ती वसंत पाहणार नाही, हे मला कळतं. ज्या बाईने जन्मभर ऊब पाठीखाली घेतली, तिला ती भिंतीवरच्या लोखंडातून देऊन चालणार नाही.

तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. ही कुदुरी बाबांनी चौसष्ट साली घातली. मी तेव्हा अल्माटीच्या कॉलेजात होते, दगड तू वाहिलेस. खालच्या धुराच्या वाटा किती आहेत, कुठून वळतात, कुठे एकत्र येतात, याचा नकाशा कुणी काढलेला नाही. चुकीच्या जागी फोडली तर सगळीच बसेल. तुला आठवत असेल तेवढं कळव.

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तू पुढच्या दोन खोल्यांत फरशी बसवलीस आणि पहार घेऊन या खोलीत शिरलास. आई जमिनीवर आडवी झाली आणि उठेना. "लोळ मग त्या चिखलात जन्मभर," हे तुझे शब्द. ती विसरलेली नाही, मीही नाही. ऑगस्टात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आम्ही परतलो, तर किल्ली शेजारच्या कुल्पाशकडे आणि तू कोरियात. तो विषय मी काढत नाही. मला फक्त वाटा हव्या आहेत.

एम्मा

---

१० सप्टेंबर

मार्लेन,

उत्तर नाही. ठीक.

मी थांबले नाही. तीस वर्षं बांधकामं तपासण्यात गेली. जमीन कशाची करायची हे रुसव्याफुगव्यांवर ठरत नाही, हे मी कंत्राटदारांना शिकवलं; घरच्यांनाही शिकवीन. मनात आलं, कुदुरीचा हट्ट सोडून साधी जमीन करावी आणि पुढच्या खोल्यांत भिंतीवर आहेत तशा गरम पाण्याच्या लोखंडी पट्ट्या या खोलीतही आणाव्यात. म्हणून बाजारातून एकेका मालाचा नमुना आणला, अंगणात ओळीने मांडला आणि आईला बोलावलं. ती अनवाणी आली, हात पाठीमागे बांधून. समितीचा अध्यक्ष कारखाना बघायला येतो तशी.

पहिली सिरॅमिकची फरशी. झिजत नाही, डाग धरत नाही, एका फडक्यात स्वच्छ. पण ओली झाली की घसरवते, आणि तिच्यावर पडलेली वाटी फुटते. या वयात हाडही. तुझ्या पुढच्या खोल्यांतून आई लोकरी मोजे घालून, भिंत धरून जाते. आईने पाय ठेवला आणि उचलला. "मासळीवालीचा ओटा आहे हा."

दुसरं लॅमिनेट. दुकानदार दोनदा म्हणाला, "मावशी, जर्मन माल आहे, जर्मन!" दिसायला ओकसारखं, बसवायला सोपं, एका दिवसाचं काम. आईने त्यावर सोयाबीनच्या साराची पळी ओतली आणि आत निघून गेली. सकाळी कडा फुगून वर आल्या होत्या. "तुमच्या जर्मनाला पडसं झालं," म्हणाली.

तिसरं लिनोलियम. याच्यावर मी सह्या केल्या आहेत, पाच मजली इमारतींच्या आख्ख्या वसाहतीसाठी. स्वस्त, मऊ, पायाला गार लागत नाही, वीस वर्षं टिकतं. पण आईची खोली म्हणजे वसाहत नव्हे. मी त्यावर तापलेला तवा ठेवला. असा वास सुटला की कुल्पाश कुंपणापलीकडून ओरडली, "अगं, काय जाळतेस? टायर?"

"जमीन तपासतेय."

"तपासतेस की फाशी देतेस?"

चौथ्या सैबेरियन पाइनच्या फळ्या. नव्या असतात तोवर यांच्यासारखं काही नाही, हे मी मान्य करते. पाय ठेवला की घर बोलतं. मग फटी पडतात, फटींत उंदीर येतात, आणि दर वसंतात तपकिरी रंगाचा डबा आणावा लागतो. शिवाय लाकूड ऊब वर येऊ देत नाही. कुदुरीवर फळ्या ठोकणं म्हणजे चुलीला कोट घालणं. आपल्या गल्लीत साठच्या दशकात सगळ्यांना मातीच्या जमिनीची लाज वाटू लागली होती, आठवतं? फळ्यांना पैसे नव्हते, म्हणून बाबांनी मातीलाच तपकिरी रंग मारला आणि वर काळ्या रेघा ओढल्या, दारातून फळ्या दिसाव्यात म्हणून. शाळेच्या बाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या फळ्या अजिबात करकरत नाहीत!" आई अजून ती आठवण काढून हसते.

कुल्पाश तिचा लोकरीचा जाड नमदा घेऊनच आली. "हा टाक आणि गप्प बस. माझ्या सासूने सात पोरं नमद्यावर वाढवली."

"आणि कसर लागली तर?"

"कसरीलाही पोट आहे, एम्मा."

राहिल्या गरम पाण्याच्या नळ्या. तुमच्याकडे आता सगळीकडे सिमेंटखाली त्याच असतात, असं जान्ना सांगते. उत्तम योजना आहे, माझा काही आक्षेप नाही. पण तुमच्याकडे वीज जात नाही. इथे वादळात दोन दोन दिवस जाते. पंप थांबला की नळी गोठते, नळी गोठली की फुटते, आणि मग भर जानेवारीत सिमेंट फोडत बसा.

सगळं बघून झाल्यावर आई तिच्या खोलीत गेली आणि थंड मातीवर आडवी झाली. मी म्हटलं, ऊठ, ओल आहे. ती म्हणाली, "ही गार आहे, मेलेली नाही. तुम्ही सगळे वरचं बघताय. कातडं बघून माणूस ओळखता का?" मग छताकडे बघत बोलत राहिली. सदतीस साली कोरियन म्हणून घरादारातून हाकलून आगगाडीतून बास्तोबेच्या माळावर उतरवून दिलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. टेकडीच्या पायथ्याशी खड्डे खणून सगळे राहिले. "दार नव्हतं, पोतं टांगलेलं. तुझ्या आजोबांनी दाराचं नावच काढलं नाही. टेकडीवरून दगड आणले आणि आधी जमीन केली. दार मार्चमध्ये आलं. शेजारच्या खड्ड्यात आधी दार केलं होतं."

शेजारच्या खड्ड्यातल्यांचं काय झालं ते तिने सांगितलं नाही.

कुदुरीच दुरुस्त करायची, असं ठरलं आहे. वाटा कळव.

एम्मा

---

२१ सप्टेंबर

मार्लेन,

जान्नाच्या फोनवर तुझा निरोप आला. तिने तसाच वाचून दाखवला: "वाटा पाच. चुलीपासून पंख्यासारख्या फाकतात, खिडकीखाली एकत्र येतात. फक्त चुलीकडची बाजू उघडा. खिडकीकडची उघडू नका, ती ठीक आहे."

पहिल्या भागाबद्दल आभार. दुसऱ्या भागाबद्दल विचारते: ती बाजू ठीक आहे हे तुला तिकडे कोरियात, आन्सानमध्ये बसून कसं कळलं? अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं काम आहे. धुराड्याजवळ ओल जास्त धरते, त्यामुळे आधी तीच बाजू जाते. कुणी दूर बसून 'ठीक आहे' म्हणालं म्हणून न बघता सही करणं मला नोकरीत जमलं नाही, आता जमणार नाही. दोन्ही बाजू उघडणार.

आईला तुझा निरोप सांगितला. ती तांदूळ निवडत होती. "आवाज कसा होता?" म्हणाली. मी म्हटलं, आवाज नव्हता, अक्षरं होती. तिने पुढचा मूठभर तांदूळ दोनदा निवडला.

एम्मा

---

२५ सप्टेंबर

मार्लेन,

काल उघडली.

आधी चुलीकडची बाजू. रंगाचा थर, त्याखाली मातीचा, त्याखाली बास्तोबेचे सपाट दगड. दोन वाटा खचल्या होत्या, दगड ओल्या राखेत बसले होते. ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते बाकीचं. दगडांच्या खालच्या अंगाला इतक्या वर्षांचा धूर चढून काजळीची लाख झाली होती, काळी, चकचकीत, तिच्यात माझा चेहरा दिसला. चुलीजवळ माती हातभर जाड, आणि खिडकीकडे जाता जाता पातळ होत गेलेली. जिथे आग तिखट तिथे जाड, जिथे आग दमते तिथे पातळ, म्हणजे वर सगळीकडे ऊब सारखी. वाटांची उंची किंचित चढत गेलेली, धुराला कोणी ढकलावं लागू नये एवढीच. मी आकडेमोड केली. काही बदलायला सापडलं नाही. मी तशीच खड्ड्याच्या काठावर बसून राहिले, चहा गार होईपर्यंत. जन्मभर या जमिनीवर जेवले, झोपले, तापाने फणफणले, आणि माझ्या पाठीखाली एवढं मोठं काम चाललेलं असायचं.

मग खिडकीकडची बाजू उघडली.

तिथे बास्तोबेचे दगड नव्हते. भट्टीच्या विटा होत्या. साखर कारखान्याच्या, बाजूला कारखान्याचा ठसा असलेल्या. बाबा आयुष्यभर कांदे पिकवत होते, कारखान्याच्या फाटकातून ते कधी आत गेले नाहीत. बॉयलरवर तू होतास. सांधे केसाएवढे. पाचही वाटा एकत्र येतात तिथे तू कोपरा ठेवला नाहीस, विटा घासून गोल वळण दिलंस. धूर तिथून जाताना अडखळू नये म्हणून. खाली खडीचा थर आहे, ओल वर चढू नये म्हणून. म्हणूनच यंदाचं पाणी त्या बाजूला शिवलं नाही.

आणि वर माती, मातीवर तपकिरी रंग, रंगावर काळ्या रेघा. बाबांच्या रेघांना जोडून, त्याच जाडीच्या.

मी कुल्पाशला हाक मारली. ती आली, खड्ड्यात वाकून बघितलं, डोक्याच्या रुमालाने नाक पुसलं.

"तुला माहीत होतं?"

"मला काय विचारतेस? नऊ वर्षांत मला कोणी काही विचारलं?"

"हे त्याने कधी केलं?"

"तुम्ही दोघी डोळ्यासाठी गेलात तेव्हा. दारं लावून घेतली होती. अंगभर माती. मी सूप नेऊन दिलं तर दारातच घेतलं. म्हटलं, अरे, आईला सांगू ना? तर म्हणाला, तिला जमीन सांगेल. मग रंग वाळायची वाट बघत दोन दिवस माझ्या ओसरीवर झोपला, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी गेला."

जमिनीने काही सांगितलं नाही, मार्लेन. जमिनीला इतकं सुबक झाकल्यावर ती काय सांगणार? नवा रंग मी पाहिला होता. मला वाटलं कुल्पाशने हात फिरवला. त्या हिवाळ्यात आई म्हणायची, "यंदा खिडकीपाशीही ऊब येतेय, म्हातारपणी रक्त गरम झालं वाटतं."

हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. ती दोन दिवस कुल्पाशकडे आहे, इथे धूळ फार. कसं सांगायचं ते ठरवते आहे. मी सहसा ठरवत बसत नाही.

एम्मा

---

१९ ऑक्टोबर

मार्लेन,

जमीन झाली. क्रमाने लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

खिडकीकडच्या विटांना मी हात लावला नाही. वरची माती तेवढी नवी. चुलीकडच्या तीन वाटा तशाच ठेवल्या, दोन पुन्हा रचल्या. दगड आपलेच, खाली तुझ्यासारखी खडी. माती नदीची, त्यात वाळू, कुल्पाशच्या घोडीच्या वाटचा भाताचा तूस आणि तिचीच लीद. आईने स्टुलावर बसून हुकूम सोडले: "पातळ झाली. आता घट्ट झाली. तुला कॉलेजात माती कालवायला शिकवलं नाही का?" मी म्हटलं, कॉलेजात काँक्रीट होतं. "म्हणून तुमच्या इमारतींत माणसं मोजे घालून फिरतात." तीन थर दिले, प्रत्येक चोपून, प्रत्येक वाळू देऊन. घाईने वाळवावी म्हणून मी एकदा चूल जोरात पेटवली, तर मधला थर तडकला. तो खरवडून पुन्हा घातला. आई स्टूल माझ्याकडून दुसरीकडे वळवून बसली.

वर काय घालायचं यावर भांडण झालं. रंग तापून वास मारतो, लिनोलियम नको, हे ठरलेलं. आई म्हणाली, पूर्वी जाड कागद तांदळाच्या खळीने चिकटवून तेल पाजत. जाड कागद आणणार कुठून? मग आठवलं, माझ्या नोकरीतले जुने नकाशे माळ्यावर गुंडाळून पडले होते, पाच मजली इमारतींचे. कोरी बाजू वर करून चिकटवले, जवसाचं तेल चार वेळा पाजलं. आता जमीन मधासारखी दिसते. उन्हात वाकून पाहिलं की कागदाखालून जिन्याच्या पुसट रेषा दिसतात. माझ्या आयुष्याचं काम आईच्या पाठीखाली, उलटं. तक्रार नाही.

परवा सकाळी पहिली आग दिली. साक्सौलच्या लाकडाच्या दोन मोळ्या, जास्त नाही. धूर धुराड्यातून सरळ वर गेला. मी प्रत्येक सांध्यावर पातळ कागद फिरवला, कुठे थरथर नाही. आग दुपारच्या आत विझली. जमीन गारच. कुल्पाश म्हणाली, "झालं का? एवढ्यासाठी माझ्या घोडीला उपाशी ठेवलंस?" चूल गार झाली, तवा गार झाला, आणि दुपारची जेवणं आटोपल्यावर मी पाय ठेवला, तर माती जागी होत होती. आग संपली होती तेव्हा हिचं सुरू झालं. आधी चुलीकडे, मग मधे, मग खिडकीपर्यंत. भाजणारी नव्हे. तान्ह्या मुलाला कुशीत घेतल्यावर काही वेळाने जशी आपल्या अंगात ऊब येते, तशी. मला उष्णतावहनाची सूत्रं पाठ आहेत. त्यातलं एकही मला तेव्हा आठवलं नाही.

मग आईचं ठरलेलं. आजोबांपासून आपल्याकडे जमीन ज्याने केली तोच तिच्यावर पहिला झोपतो. धूर झिरपला तर आधी त्याला लागावा, घरच्यांना नाही. मी म्हटलं, मी केली, मी झोपते. सतरंजी घेतली आणि झोपले. दिवसाढवळ्या, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, शाळेतून आलेल्या मुलीसारखी. उठले तेव्हा आई दारात उभी होती.

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"मग तू केलेली ठीक आहे. आणि खिडकीकडची?"

तेव्हा मी सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. विटा, ठसा, गोल वळण, कुल्पाशची ओसरी, सगळं. ती खाली बसली. खिडकीकडच्या बाजूला हात फिरवत राहिली, बराच वेळ, जसं कणीक मळून झाली की नाही ते बघतात. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"नऊ वर्षं मी त्याच्याच हातांवर झोपले," म्हणाली, "आणि त्याला शिव्या घातल्या."

मग काठीने खोलीच्या मधोमध रेघ ओढली. माझ्या नव्या तेलावर. "इकडची तू झोपून बघितलीस. तिकडची ज्याने केली त्याने अजून बघितलेली नाही. रंग ओला होता, शेजारणीच्या ओसरीवर निजला. तो झोपेपर्यंत मी हिच्यावर झोपणार नाही."

मी म्हटलं, आई, तू नऊ वर्षं झोपलीसच की तिच्यावर. ती म्हणाली, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग माझ्या अर्ध्यावर झोप. ती म्हणाली, अर्धी जमीन म्हणजे काय? जमीन एकच असते. मी म्हटलं, काल पाणी गोठलं, मार्लेन समुद्रापलीकडे आहे, त्याला सुट्टी नाही, तो येणार नाही. ती म्हणाली, "मग नको येऊ दे. मी स्वयंपाकघरात पलंगावर झोपते. डॉक्टरला पलंग हवाच होता ना?"

आणि खरंच पलंगावर झोपली. परवा रात्री आणि कालही. खोली बाजूला तापलेली, रिकामी, मधासारखी चमकते आहे, आणि आई दोन पायऱ्या खाली स्वयंपाकघरात कोट घालून, पाय पोटाशी घेऊन झोपते. आज सकाळी खोकला सुरू झाला.

जान्नाने तिकिटं बघितली आहेत. अल्माटीपर्यंत विमान, पुढे आपली रोजची गाडी. काय बोलायचं याचा विचार करत बसू नकोस. कुणी काही बोलणार नाही. सरळ आत जा, खिडकीकडे आडवा हो आणि झोप. तू जागा झालास की ती येऊन निजेल.

एम्मा